घरी सोडले

"शंभर टक्के," मी म्हणाले, आणि तहसीलदार साहेबांनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

ही शाबासकी होती. कुठल्याही बैठकीत चिवडा साहेबांच्या हाताखालून निघायचा आणि ज्याच्या कामावर साहेब खूश असतील त्याच्यापुढे थांबायचा. इतर बैठकांत तो तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या पलीकडे जात नसे. बायांच्या तक्रारींच्या आमच्या समितीत कृषी अधिकारी नव्हते, तरीही मी तिथे बसू लागल्यापासून वर्षभरात मला तो पहिल्यांदाच मिळत होता.

तालुक्याचं नाव सांगत नाही. विदर्भातला आहे, एवढं पुरे. सोळा वर्षांपूर्वी मी तिथे संरक्षण अधिकारी होते. घरात मार खाणाऱ्या, अत्याचार झालेल्या बायांच्या तक्रारी घ्यायच्या आणि त्यांना दवाखाना, पोलीस, कोर्ट आणि निवारागृह या चार दारांतून सुखरूप पलीकडे न्यायचं, हे माझं काम. वय अठ्ठावीस, अक्षर सुरेख, आणि कागद नीट असले की माणसांचं नीट होतं यावर माझा पक्का विश्वास होता.

मी येण्यापूर्वी प्रत्येक बाई आपली कहाणी चार वेळा सांगायची. आधी डॉक्टरला, मग जमादाराला, मग वकिलाला, मग निवारागृहाच्या अधीक्षिकेला. दर वेळी पहिल्यापासून. चौथ्या वेळेपर्यंत बाई थकून काहीतरी गाळायची आणि मग वकील म्हणायचे की जबाब जुळत नाही. हे मी बंद केलं. एक 'समन्वय पत्रक' तयार केलं. बाईने एकदा मला सांगायचं, मी लिहायचं, आणि त्याच्या चार प्रती चारही कार्यालयांत जायच्या: दवाखान्याला गुलाबी, पोलिसांना पिवळी, वकिलांना पांढरी, निवारागृहाला निळी. ज्याने जे केलं त्याचा शेरा त्याने रकान्यात लिहायचा आणि बाकीच्यांना कळवायचा. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'एकदाच सांगा'. त्याखाली ठळक सूचना होती, 'पीडितेस पुन्हा प्रश्न विचारू नयेत'. पत्रक सगळ्यांना आवडलं. सगळ्यांचाच वेळ वाचत होता.

तर त्या मंगळवारी मी अकरा बायांची अकरा पत्रकं मांडली. सगळे रकाने भरलेले, एकही प्रकरण अडकलेलं नाही.

"पोलिसांकडून काही?" साहेबांनी विचारलं. विचारायचं असतं म्हणून विचारलं होतं. फाइलची नाडी त्यांनी बांधायला घेतलीच होती.

जमादार ठवकर उठले. हे शांत गृहस्थ होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि कुठलीही बातमी ते एकाच आवाजात सांगत. "काही नाही साहेब. तेवढं ते दुर्पताबाईचं. तिचा नवरा काल पुन्हा ठाण्यात आला होता. म्हणते, माही बायको द्या."

"द्या म्हणजे?"

"म्हणजे थे घरी नाही, असं म्हणते."

चिवड्यातला शेंगदाणा मी परत बशीत ठेवला आणि फाइल उघडली.

दुर्पता, वय चोवीस. तीन आठवड्यांपूर्वी डावं मनगट मोडलेलं, अशी ग्रामीण रुग्णालयात आली होती. जबाब मीच घेतला, तिच्या खाटेशेजारी बसून, दोन तास. नवऱ्याच्या माराचं तिने सरळ सांगितलं. दिराचं सांगताना भिंतीकडे तोंड फिरवलं आणि भिंतीला सांगितलं, पण सगळं सांगितलं. त्यावर गुन्हा दाखल होऊन दीर कोठडीत गेला. नवरा जामिनावर बाहेर होता आणि त्याला बायको हवी होती ती भावाला सोडवण्यासाठी. एकदा ती घरात आली की तिचा जबाब फिरवून घ्यायला त्याला फार दिवस लागले नसते. त्याने तिच्या आसपासही फिरकू नये असा आदेश मिळावा म्हणून आमचा अर्ज कोर्टात होता. तारीख त्या मंगळवारचीच होती, दुपारी तीनची.

"माझ्याकडे शुक्रवारची नोंद आहे," मी म्हणाले. "दवाखान्याचा शेरा, घरी सोडले."

"आमच्याकडे पण थेच आहे," ठवकर म्हणाले. "मी पिवळी प्रत पाह्यली अन् शनिवारी नवऱ्याले फोन लावला. पोचली का म्हणून."

"तुम्ही नवऱ्याला फोन केलात?"

"खातरजमा नको का करायला? रकाना आहे ना मॅडम, 'खातरजमा केली काय'."

रकाना होता. मीच आखला होता.

निवारागृहाच्या अधीक्षिका रंगारी बाईंनी निळी प्रत वर करून दाखवली. "आम्ही तिची खाट दुसरीला दिली. घरी गेली म्हटल्यावर कशाला अडवून ठेवायची?"

विधी सेवेचे वकील काळबांडे आपल्या पांढऱ्या प्रतीकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते. "मी सकाळीच पुरशिस देऊन आलो," ते म्हणाले.

पुरशिस म्हणजे वकील कोर्टाला जी माहिती लेखी देतो ती. त्यांनी लिहून दिलं होतं की अर्जदार सासरी परतली आहे, सबब अर्ज चालवायचा नाही.

"सासरी गेली असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"घरी सोडले म्हणजे कुठे सोडले? लग्न झालेली बाई आहे. तिचं घर ते."

चार कार्यालयं, चार रंग, आणि सगळ्यांचं अक्षरशः एकमत. बाई तेवढी कुठेच नव्हती. साहेबांनी चिवड्याची बशी उचलून परत स्वतःपुढे ठेवली.

"शंभर टक्के," ते म्हणाले.

मी फाइल उचलली आणि ठवकरांबरोबर दवाखान्याकडे निघाले. चार दिवस होऊन गेले होते. तिला आईबाप नव्हते, एक भाऊ होता तो सुरतेला, आणि त्याचा पत्ता तिच्याजवळही नव्हता. जीपमध्ये बसताना ठवकरांनी कोणाला तरी फोन करून हळू आवाजात गावच्या विहिरी बघायला सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाच्या सिस्टर मेश्राम यांनी आमच्यापुढे गुलाबी प्रत ठेवली आणि बोट लावून दाखवलं. 'रुग्णाची अंतिम स्थिती' या मथळ्याखाली तीन चौकोन होते: घरी सोडले, मोठ्या रुग्णालयात पाठवले, मयत. पहिल्या चौकोनात त्यांची खूण होती. खूण अगदी नीट चौकोनाच्या आत होती.

"नागपूरले पाठवली नाही. मेली नाही. मग मी कुठं खूण करू, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

"पण सिस्टर, ती घरी गेली का?"

"ते मला काय माहीत? आमच्याकडे घरी सोडलं म्हणजे खाट खाली झाली. बेवारस माणूस बरा झाला तर आम्ही त्यालाही घरीच सोडतो."

"निघताना विचारलं नाही का, कुठे जाणार म्हणून?"

सिस्टरांनी गुलाबी प्रत माझ्याकडे फिरवली आणि बोट वर नेलं. "हे कोणी लिहिलं? पीडितेस पुन्हा प्रश्न विचारू नयेत. ठळक आहे. मी माझ्या सगळ्या पोरींना तंबी दिली होती, त्या बाईला कोणी चकार शब्द विचारायचा नाही. अन् कोणी विचारला पण नाही. तीन आठवडे."

हे त्या थोड्या अभिमानाने म्हणाल्या, आणि तो अभिमान रास्त होता. आज त्या पत्रकावर चौथा चौकोन आहे आणि ती ठळक सूचना नाही. तेव्हा चौकोन तीनच होते.

"तिचा नवरा इकडे आला होता का?"

"दोनदा. शनिवारी अन् रविवारी. त्याला रजिस्टर दाखवलं. तो म्हणे, घरी म्हणजे कोणत्या घरी? मी म्हटलं, ते पोलिसांना विचार."

"अन् मी म्हटलं, दवाखान्यात विचार," ठवकर म्हणाले.

मी मागच्या व्हरांड्यात पाणी प्यायला गेले. तिथे बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर नातेवाईक बायांची रांग भिंतीला टेकून बसलेली असायची, पुढ्यात डबे, पिशव्या, वाळत घातलेली दुपटी. रांगेच्या टोकाला एक बाई डोक्यावरून पदर घेऊन मांडीवर लेकरू जोजवत होती. लेकराचं डोकं तिच्या डाव्या हाताच्या प्लास्टरवर टेकलेलं होतं.

तिने वर पाहिलं. "आल्या का मॅडम," ती म्हणाली. मी यायची होते आणि थोडा उशीर केला, असा तो आवाज होता.

मी तिथेच खाली बसले. पाणी प्यायचं राहिलं.

"दुर्पताबाई, तुम्ही शुक्रवारपासून इथे आहात?"

"सिस्टरनं म्हनलं, सुट्टी झाली, खाट खाली कर. म्या केली. मंग इथी येऊन बसली." तिने लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली. "हिचं सिझर झालं, आतल्या बाईचं. जवळ कोनी नाही. सासू वावरातून संध्याकाळी येते, डबा घेऊन. मलेबी देते. मी दिवसभर लेकरू घेते."

"नवरा आला होता म्हणे."

"आले होते ना. दोनदा. माह्या पुढूनच गेले. पदर होता, लेकरू होतं. बाळंतिणीच्या बाया कोन पाहते? गेले मंग."

इतकी गोष्ट तिने शांतपणे सांगितली. त्याला खरं कोणी सांगितलं नव्हतं, कारण खरं कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्या दवाखान्याने, सगळ्या ठाण्याने त्याला शपथेवर एकच सांगितलं होतं, बाई घरी गेली. माझ्या पत्रकानेच ती हरवली होती आणि माझ्या पत्रकानेच ती लपली होती. त्या आठवड्यात समन्वयाचा उपयोग झाला तो एवढाच.

भीती ओसरली की माणसाला राग येतो, तसा मला आला, आणि तो चुकीच्या माणसावर आला. "मग कोणाला तरी सांगायचं ना, बाई," मी म्हणाले. "सिस्टरना सांगायचं, जायला घर नाही म्हणून. मला निरोप पाठवायचा. आम्ही तिकडे तुम्हाला विहिरीत शोधतोय."

तिचा चेहरा गोंधळलेला दिसला. तिने काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ठवकर मागून म्हणाले, "मॅडम, सव्वादोन झाले. कोर्ट तीनचं आहे."

लेकरू आत आईजवळ ठेवताना तिने दुपटं दोनदा नीट केलं. "येते हं, लवकर येते," तिने त्या बाईला सांगितलं.

काळबांडे वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे होते. दुर्पताला जीपमधून उतरताना बघून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच पुढची अडचण सांगितली. "पुरशिस रेकॉर्डवर गेली आहे. आता सकाळचं माझंच म्हणणं मला दुपारी खोडायचं आहे."

न्यायाधीश मॅडम नव्याने बदलून आल्या होत्या. आवाज बारीक, चष्मा जाड, आणि वाचल्याशिवाय वर बघायची सवय नव्हती. नवरा समोरच्या बाजूला उभा होता, पांढरा सदरा घालून, केस चापून बसवलेले. बायको दारातून आत येताना बघून त्याने मान खाली घातली आणि हात जोडले. मला त्याच्या त्या जोडलेल्या हातांचीच धास्ती वाटली.

"वकील साहेब, तुमची पुरशिस आहे," मॅडम म्हणाल्या. "अर्जदार सासरी परतली."

"ती माहिती चुकीची निघाली, मॅडम."

"चूक कोणाची?"

काळबांड्यांनी ठवकरांकडे पाहिलं, ठवकरांनी माझ्याकडे. मला बघायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी कागदाकडे पाहिलं.

"दवाखान्याचा शेरा, घरी सोडले," मॅडम एक एक प्रत उलटत वाचू लागल्या. "पोलिसांचा तोच. निवारागृहाचा तोच. संरक्षण अधिकाऱ्यांची सही, तिच्याखाली तोच. चार रंगांचे चार कागद एकच सांगतात आणि तुम्ही तोंडी दुसरं सांगता. कोर्टाने कागद सोडून कशावर जायचं?"

"मॅडम, थे घरीच येनार हाय," नवरा मध्येच म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "मी गाडी आनली आहे, बाहेर उभी आहे. घरातली भानगड आहे, घरातच मिटन."

"तुम्हाला विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा चष्म्यावरून वर पाहिलं. "बाई, तुम्ही पुढे या. तुम्हीच सांगा. तुम्हाला घरी सोडलं का?"

दुर्पता पुढे गेली आणि गप्प उभी राहिली. नवरा तिच्याकडे टक लावून बघत होता.

"बाई, बोला. इथे कोणी काही करणार नाही."

तरी ती गप्पच. काळबांडे कपाळ चोळू लागले. ती आता बोलली नाही तर अर्ज निकाली निघणार, आणि बाहेर गाडी उभी आहे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

मग दुर्पता वळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, न्यायाधीशांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, पण खोली इतकी शांत होती की पट्टेवाल्यालाही ऐकू गेलं. "तुमी म्हनलं होतं, आता पुन्हा कोनाले काही सांगाची गरज नाही. म्हनून मी कोनालेच नाही सांगतलं. इथी सांगू का?"

ते वाक्य माझंच होतं. तिचा जबाब लिहून झाल्यावर, तिच्या धडक्या हातावर हात ठेवून मी ते म्हणाले होते. मी ते सगळ्यांना म्हणायची. ऐकल्यावर बायांचे चेहरे सैल व्हायचे, म्हणून मला ते फार आवडायचं. बाकी दहाजणी ते ऐकून पुढे जिथे लागेल तिथे बोलल्या होत्या. ही एकटी निघाली जिने ते आज्ञा म्हणून घेतलं आणि पाळलं. खाट गेली तरी पाळलं, नवरा पुढून दोनदा गेला तरी पाळलं. तासाभरापूर्वी मी तिच्यावर ओरडले होते तेव्हा ती मला हेच सांगणार होती. इतकी लाज मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही.

"सांगा," मी म्हणाले.

ती परत समोर वळली. न्यायाधीश बाई होत्या तरी ती त्यांना साहेबच म्हणाली. "साहेब, मले घरी कोनी नाही सोडलं. म्या घर सोडलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "परत जायचं आहे?"

"नाही."

"मग कुठे जायचं आहे?"

तीन आठवड्यांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. तिला वेळ लागला. "आता दवाखान्यात. त्या सिझरवाल्या बाईले उद्या सुट्टी आहे, तोवर लेकरू पाहा लागते. मंग या मॅडम नेतीन तिथी."

मॅडमनी तिथल्या तिथे आदेश सांगायला सुरुवात केली. नवऱ्याने तिच्याशी बोलायचं नाही, ती राहील तिथे फिरकायचं नाही, दवाखान्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. नवऱ्याचे हात अजून जोडलेले होते. ते सोडायचे की ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. टंकलेखकासमोर आमच्या चार रंगांच्या प्रती पसरलेल्या होत्या. टाइप झालेला कागद मॅडमनी सहीपूर्वी वाचला आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या. 'अर्जदार हिने घरी सोडले असून', असं पडलं होतं.

"सवयीने झालं, मॅडम," टंकलेखक म्हणाला.

त्यांनी लाल पेन घेतलं, 'घरी'ची वेलांटी खोडली, आणि शेजारी छोटी सही केली.

बाहेर आल्यावर दुर्पताने विचारलं, "सायबानं लाल पेनानं काय खोडलं?"

मी नक्कल उघडून तिला दाखवली. "ही. वेलांटी म्हणतात हिला."

तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या रेघेवर बोट ठेवून पाहिलं.

"एवढीच?"

"एवढीच," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि जीपमध्ये चढून बसली. त्या बाईची सासू सहाला यायची, आणि तोवर लेकरू घ्यायला कोणी नव्हतं.